दुरडीतले तीळ

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी एकनाथराव चहा करत होते. सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, थोडे तीळ आणू का?"

"वर्ष झालं का तुझ्या सासूला जाऊन?"

"सणाचे नाही हो. असेच, खायला."

"खा की. मी कुठं अडवलंय?"

मृण्मयी दारातून वळली. लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये गेली. थोड्या वेळाने तिथून तिच्या त्या वासाच्या मशीनचा बारीक आवाज सुरू झाला आणि चहाच्या वाफेत लॅव्हेंडर मिसळलं. एकनाथरावांनी चहा मोरीत ओतून दिला आणि गॅस बंद केला.

मलकपेठेतलं हे घर त्यांनी नोकरीत असताना बांधलं होतं. तीन खोल्या, मागे फरशीचं अंगण, अंगणाच्या भिंतीपलीकडे रेल्वे. गाडी गेली की मांडणीवरची भांडी वाजत. बस डेपोच्या वर्कशॉपात डिझेल इंजिनं उघडण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाले, तरी ग्रीसचा वास अंगातून गेला नव्हता. कितीही साबण लावा, बनियन काढला की वास यायचाच. त्रिवेणी म्हणायची, "बरं आहे. दिवे गेले तरी तुम्ही कुठं आहात ते शोधावं लागत नाही."

गेल्या उन्हाळ्यात त्रिवेणीला पोटाचं दुखणं निघालं. दवाखान्याची औषधं दवाखान्यात चालू राहिली आणि घरात तेलांची सुरू झाली.

मृण्मयीचं म्हणणं होतं की वास नाकाने घ्यायचा. लग्नाआधी पुण्यात तिने अरोमाथेरपीचा कोर्स केला होता. छोट्या काळ्या बाटल्यांमधून ती थेंब टाकायची आणि ते मशीन खोलीभर धुकं सोडायचं. सकाळी लेमनग्रास, मळमळलं की पेपरमिंट, झोपताना लॅव्हेंडर.

त्रिवेणीची धाकटी बहीण गंगू गौलीगुड्याहून रिक्षा करून यायची. तिला हे पटत नव्हतं. "नाकानं काय व्हतंय? अंगात मुरलं पाहिजे," म्हणत ती तिळाच्या तेलात निलगिरी आणि कापूर कालवून अक्काचे पाय चोळायची.

"मावशी, आधी कोपराच्या आत थोडं लावून बघा. कातडी लाल होते," मृण्मयी सांगायची.

"तू तुझा लॅपटॉप बघ गं माय."

तिसरी हिमायतनगरची एक बाई. तिचं पहिल्या मजल्यावर सेंटर होतं, काचेचं दार होतं आणि बोलणं गोड होतं. कुणीतरी मुलाला, गौतमला, तिचा पत्ता दिला. तिने सांगितलं, हुंगून नाही, चोळून नाही, तेल जिभेखाली घ्यायचं. मृण्मयीने सासरी एकदाच आवाज चढवला तो त्या दिवशी. "पोटात घ्यायची गोष्ट नाहीये ही!" गौतम म्हणाला, "घेऊन तर बघू. आता आपल्याकडे दुसरं काय आहे?" आईसाठीच म्हणाला तो. पण त्रिवेणीचं तोंड आतून सोलून निघालं. मग शेवटपर्यंत गार दुधाशिवाय तिच्या घशाखाली काही उतरलं नाही.

एकदा दुपारी दोघंच घरात असताना तिने एकनाथरावांना जवळ बोलावलं. तोंड आलेलं होतं, बोलणं जड जात होतं.

"अहो, मला माझाच वास येईना झालाय."

ती दिवाळीच्या आधी गेली.

दवाखान्याने तिला वाचवलं नाही, याची एकनाथरावांना तक्रार नव्हती. माणूस जुनं झालं की उघडून बसवता येत नाही, एवढं त्यांना कळत होतं. पण दिवस झाल्यावर त्यांनी तिचं कपाट उघडलं, एका लुगड्यात तोंड खुपसलं, आणि त्यातून लॅव्हेंडर आलं. दुसऱ्यातही लॅव्हेंडर. उशीला निलगिरी. तिच्या चोळ्यांना, रुमालांना, जपमाळेच्या पिशवीलाही कसलंतरी लिंबू. सगळा जन्म शेजारी झोपलेलं माणूस, आणि त्याचा म्हणावा असा वास घरात कुठेच उरला नव्हता. ती जिवंत असतानाच तो पुसून काढला होता. पुसणारे सगळे तिच्या मायेचेच होते, म्हणून कुणाला शिवीही देता येत नव्हती.

ते मृण्मयीला एवढंच म्हणाले, "तिच्या कपड्यांना हात लावायचा नाही. माझ्याही नाही."

"बरं," ती म्हणाली. तेव्हापासून ते आपले कपडे स्वतः धुवायचे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशीची गोष्ट सांगत होतो. चहा मोरीत गेल्यावर एकनाथराव त्रिवेणीच्या खोलीत जाऊन बसले. चप्पल खाटेखाली गेली होती ती काढायला वाकले, तर मागे भिंतीला टेकून दुरडी दिसली.

दर उन्हाळ्यात त्रिवेणी डोक्याचं तेल घरी करायची. परभणीकडे तिच्या माहेरी तशी रीत होती. सोललेल्या तिळाचा थर द्यायचा, त्यावर मोगऱ्याच्या कळ्या, पुन्हा तीळ, पुन्हा कळ्या. वर धोतराचं फडकं, आणि दुरडी अंधारात सारायची. दुसऱ्या दिवशी कळ्या वेचून काढायच्या, ताज्या घालायच्या. असं मोगरा संपेपर्यंत. मग तीळ घाण्यावर न्यायचे. तेलाला मोगऱ्याचा वास यायचा, आणि त्यात मोगरा तर एक थेंबही नसायचा.

"हे होतं कसं?" एकनाथरावांनी लग्न झालं तेव्हा विचारलं होतं.

"तीळ काही करत नाहीत. नुसते शेजारी बसतात नि घेतात."

"आणि फुलाचं?"

"फुलात काय उरतंय मग? टाकून द्यायचं."

सगळ्यात वर तिळाचा थर द्यायचा, तो तळहाताने सारखा करायचा आणि त्यावरून चार बोटं ओढायची, ही तिची सवय. चार रेघा. मुंगी फिरली, मांजर फिरलं, कुणी हात घातला, की रेघा मोडतात आणि कळतं.

या खेपेची दुरडी तिने भरली तेव्हा ती हिंडतीफिरती होती. मग दुखणं निघालं आणि दुरडी सगळ्यांच्या डोक्यातून गेली. सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा ती त्रिवेणीच्या पाठीखाली, खाटेच्या दोऱ्यांखाली पडून होती. एकनाथरावांनी फडकं सोडलं. वर चार रेघा तशाच होत्या. आत कळ्यांचा तपकिरी चुरा झाला होता.

त्यांनी ओंजळभर तीळ नाकाशी नेले.

मोगरा नव्हता. लॅव्हेंडर नव्हतं, निलगिरी नव्हती. भाकरीच्या पिठाचे हात होते. डोक्याचा घाम होता, निऱ्यांमधली कापराची वडी होती, आणि त्या सगळ्याखाली ताप होता. तिचा तापसुद्धा तिळांनी घेतला होता.

ते ओंजळ धरून बसून राहिले. मागून गाडी गेली. भांडी वाजली.

संक्रांत झाल्यावर ते दुरडी घेऊन गौलीगुड्याला गेले. गंगूच्या गल्लीच्या तोंडाशी घाणा होता, बिजलीवर चालणारा. घाणेवाल्याने तीळ ओतता ओतता हात थांबवला.

"चचा, इसमें कायकू ऐसी बास आरी?"

"कैसी?"

"घर में कोई है, वैसी." त्याने हात लुंगीला पुसला. "खाने का नक्को समझो इसको."

तेल निघालं एक छोटी बाटलीभर. पेंड त्याने ठेवून घेतली नाही. "ले के जाओ चचा. हमारी बकरी सूंघ को पीछे हटगी." एकनाथरावांनी पेंड परत नेली नाही, मुसी नदीच्या पुलावरून खाली सोडून दिली. रिकामी दुरडी तेवढी घरी आणली आणि होती तिथे, खाटेखाली सारून ठेवली.

बाटली आधी गंगूला दाखवली होती. तिने हुंगली, पुन्हा हुंगली.

"दाजी, हे नुसतं तिळाचं तेल हाय."

"नीट बघ."

"बघितलं की. अक्काचं तेल असं नसायचं. मोगरा कुठंय?" तिने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "जेवून जावा. चेहरा बघा तुमचा."

गंगूला वास येत नाही याचं त्यांना बरं वाटलं. तेल आपल्यापुरतंच आहे, असा त्यांनी त्याचा अर्थ घेतला.

त्यांनी मृण्मयीला विचारलं, तेही सहज विचारल्यासारखं, की तिळाचं तेल त्या मशीनमध्ये चालेल का.

"नाही बाबा. ते जड तेल आहे, उडत नाही. मशीन जाम होईल." मग तिने स्क्रीनवरून मान वर केली. "तुम्हाला हवंय का काही? मी करून देते ना. झोप येत नाहीये का?"

"तुझं पुरे झालं."

तिने मान पुन्हा खाली घातली. कान लाल झाले होते. एकनाथरावांना ते दिसलं. वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेल्यावर त्यांनी पातेल्यात पाणी उकळलं, खोलीत नेलं आणि त्यात तेल सोडलं. तेलाचे डोळे पाण्यावर फिरले. पहिल्यांदा काही झालं नाही. मग वास आला, पण पातेल्यातून आला नाही. खाटेवरून आला. पाणी निवलं, तरी तो कमी झाला नाही. उन्हं अंगणात उतरली तेव्हा तो उठला. दुसरा शब्द त्यांना सापडला नाही. उठला, आणि त्यांच्या गुडघ्याजवळून दाराकडे गेला. ते मागोमाग गेले. वास स्वयंपाकघरात गॅसपाशी थांबला होता. त्रिवेणीची चहाची वेळ झाली होती.

एकनाथरावांनी दोन कप चहा केला. दोन्ही त्यांनीच प्यायले.

पण वाफेचा वास दर दिवशी थोडा कमी होत गेला. पातेलंभर पाण्यात तेल वाया जातंय असं त्यांना वाटायला लागलं. मग त्यांनी गंगूचं ऐकलं. मनगटाला लावलं, मानेला चोळलं, छातीवर जिरवलं. हे टिकलं. दिवसभर त्रिवेणी त्यांच्या अंगाला होती. वळलं की यायची. बनियन काढला तर बनियनला तीच. ग्रीस कुठे गेलं, हा प्रश्न तेव्हा त्यांना पडला नाही.

संध्याकाळी कुलपाचा आवाज झाला. मृण्मयी आत आली, चपला काढल्या आणि खोलीच्या दाराशी येत म्हणाली, "आई, आज तुम्ही..."

ती थांबली. एकनाथराव पाठमोरे खुर्चीत बसले होते. त्यांनी वळून पाहिलं तर तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"काय?" ते म्हणाले.

"तुम्ही काय लावलंय, बाबा?"

"का?"

"काही नाही." ती दाराची चौकट धरून उभी राहिली. "मला आईंची फार आठवण येते. तुम्हाला वाटतं तसं नाहीये."

एकनाथराव पुन्हा पाठमोरे झाले. तुला आता वास आला, असं त्यांच्या मनात आलं. तेव्हा यायला हवा होता.

त्या आठवड्यात त्यांचा क्रीम शर्ट सापडेना. मग निळा. मग नुकताच इस्त्री करून आणलेला पांढरा, तोही. त्यांनी दोऱ्या बघितल्या, गच्ची बघितली, खुंट्या बघितल्या. गौतम जेवायला बसला असताना विषय काढला.

"माझे शर्ट भांडीवालीला फडक्याला दिलेत का कुणी?"

"कोण देईल, बाबा?" गौतम म्हणाला.

"मला काय माहीत. या घरात चांगलं करायच्या नादात काय काय जातं."

मृण्मयीने पोळी खाली ठेवली. "तुमच्या कपड्यांना मी हातसुद्धा लावत नाही. तुम्हीच सांगितलंत. तुमच्या खोलीत केरसुद्धा तुम्ही काढता. मी काय केलं सांगा ना एकदा. तोंडावर सांगा."

"मृण्मयी, जाऊ दे," गौतम म्हणाला.

"नाही, सांगू दे त्यांना."

एकनाथराव ताटात पाणी ओतून उठले. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण सांगून वास परत येत नव्हता.

गल्लीतलं मोती कुत्रं रोज सकाळी फाटकाशी यायचं. एकनाथराव त्याला उस्मानिया बिस्किट द्यायचे. वर्कशॉपात होते तेव्हापासूनचा शिरस्ता. मोतीचे डोळे आता पिकले होते. त्याला दिसायचं कमी, पण फाटक वाजायच्या आधी शेपूट हलायची. त्या सकाळी एकनाथराव फाटकात उभे होते. मोती आला. त्यांच्या पायांपाशी नाक नेलं, जमीन हुंगली, फाटकाचा खांब हुंगला आणि पुढे निघून गेला. त्यांनी हाक मारली. मोती थबकला आणि आवाज कुठून आला ते शोधत गल्लीभर नाक फिरवू लागला. बिस्किट पायाशी पडलं होतं. ते त्याने खाल्लं. वर पाहिलं नाही.

बाटलीत आता तळाशी थोडं उरलं होतं. अंगाला लावावं तर एका दिवसाचं. ते संपलं की त्रिवेणी दुसऱ्यांदा जाणार होती, आणि या खेपेला तिरडी बांधायला कुणी येणार नव्हतं.

ते बाटली हातात घेऊन बराच वेळ बसले. पोटात घ्यायची गोष्ट नाहीये ही. त्यांना मृण्मयीचा आवाज आठवला. सोललेलं तोंड आठवलं. मग त्यांनी बाटली जिभेवर उपडी केली.

आधी गोड लागलं. मग कडू. इतकं कडू की डोळ्यांत पाणी आलं. मग काहीच लागेना.

त्यांनी मनगट हुंगलं. काही नाही. काख हुंगली. काही नाही. त्रिवेणी नव्हती. ग्रीसही नव्हतं. अंगणातली तुळस चुरगळली तर तुळशीचा वास आला. नाक शाबूत होतं.

कपाटाच्या तळाशी त्यांचा वर्कशॉपचा खाकी शर्ट असायचा. तो कितीही धुतला तरी त्याला डिझेल यायचं. त्यांनी कपाट उपसलं. खाकी शर्ट नव्हता.

ते हॉलमध्ये येऊन सोफ्यावर बसले. थोड्या वेळाने मृण्मयी आतून आली, त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि फोन लावला.

"गौतम, बाबा घरात नाहीयेत. बाहेर पडलेत वाटतं. नाही रे, सगळ्या खोल्या बघितल्या. चप्पल आहे."

"मृण्मयी," एकनाथराव म्हणाले.

ती किंचाळली. फोन खाली पडला.

"तुम्ही... तुम्ही कधी आलात?"

"इथंच होतो मी."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. डोळे त्यांच्यावर होते, पण पुन्हा पुन्हा निसटत होते. रिकाम्या जागेवरून निसटतात तसे. "सॉरी," ती म्हणाली. "मला कुणी असल्यासारखं वाटलंच नाही." ती उठून आत गेली. या खेपेला तिने मशीन लावलं नाही.

एकनाथराव त्रिवेणीच्या खोलीत आले.

दुरडीच्या विणीत चार तीळ अडकून राहिले असतील. तेवढेच चावता येतील, असा विचार करून ते खाली वाकले आणि दुरडी ओढली.

दुरडी हलली नाही.

त्यांनी दोन्ही हात लावले. ती जड होती. फरशीवरून घासत बाहेर आली. वर धोतराचं फडकं होतं, चारी टोकं आत खोचलेली.

त्यांनी फडकं काढलं.

काठोकाठ तीळ. सोललेले, पांढरे, ताजे. आणि वर चार रेघा.

रेघा ओढणारी बोटं बारीक होती, त्रिवेणीची होती तशी. एकनाथरावांनी आपला हात वर धरून पाहिला. त्या चार रेघांत त्यांची दोनच बोटं मावली असती.

त्यांनी तीळ बाजूला सारले. खाली क्रीम शर्ट पसरलेला होता, बाह्या नीट घडी केलेल्या. त्याच्याखाली तिळाचा थर. मग निळा. मग तीळ. मग पांढरा. सगळ्यात तळाशी खाकी.

त्यांनी खाकी शर्ट नाकाला लावला. त्याला कसलाच वास नव्हता. दुकानातल्या नव्या कागदाला असतो तेवढाही नव्हता.

मग त्यांनी मूठभर तीळ उचलले.

डिझेल. ग्रीस. दाढीचा साबण. विड्या सोडल्या त्याला किती वर्षं झाली होती, त्या विड्याही होत्या. एकनाथराव सगळेच्या सगळे त्या मुठीत होते.

फुलात काय उरतंय मग?

बाहेर मृण्मयी हळू आवाजात फोनवर कुणाशी तरी बोलत होती. "नाही, घाबरले नाही मी," ती म्हणत होती. एकनाथरावांनी ऐकलं आणि सोडून दिलं. निदान ही दुरडी भरणाऱ्या हाताला तरी त्यांचा वास हवा होता.

त्यांनी अंगातला शर्ट काढला. शेवटचा धुतलेला तोच होता. तो तिळांवर पसरला, बाह्या आत घेतल्या आणि वर तीळ लोटले. त्यांनी हात फिरवला नाही. तीळ ओबडधोबडच राहू दिले. फडकं वर टाकलं, दुरडी खाटेखाली सारली आणि उघड्या अंगाने खाटेवर पडले.

मागून गाडी गेली. भांडी वाजली, थांबली.

मग खाटेखाली, अगदी हलक्या हाताने, कुणीतरी तीळ सारखे केले. आणि त्यावरून एकदाच बोटं ओढली.